चिमट्याचं बेअरिंग आणि हात थांबवायची जागा

लेथवाला : मोटारसायकलच्या चिमट्याचं, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचं, झिजलेलं बेअरिंग घरी काढता येतं का, असं विचारशील तर येतं. हातोडी आणि पंच असला की कोणीही काढेल. पण बेअरिंग काढायचं म्हणजे ते ज्या घरात बसलंय ते घर शाबूत ठेवून काढायचं. जुनं बेअरिंग भंगारातच जाणार, त्याचं काय व्हायचं ते होऊ दे. चिमटा मात्र परत गाडीला लागणार आहे. मागचं चाक, चेनची ओढ, मागे बसलेल्या माणसाचं वजन, सगळं बेअरिंग बसलेल्या त्या दोन भोकांवर येतं. माझ्याकडे प्रेसवर असे चिमटे येतात, पावसाळा संपला की जास्तच येतात. भोकाच्या कडेवर छिन्नीचे घाव असतात, आत पंच घसरल्याचे ओरखडे असतात. एकदा एकाने बेअरिंगचा कप तिरका झालेला असताना तसाच ठोकत नेला होता, भोक लंबगोल होईपर्यंत. असं घर मला बोअर मारून मोठं करावं लागतं आणि त्यात स्लीव्ह घालावी लागते. तो पोरगा दुकानाच्या पायरीवर बसून होता. पैशाचं त्याला काही वाटत नव्हतं. आपल्या हाताने आपलीच गाडी बिघडवली, हे त्याला लागलं होतं. म्हणून मी सरळ सांगतो, शाफ्ट काढ, चिमटा उतरव आणि मला आणून दे. दोन मिनिटांत काढून देतो.

हौशी : काका, तुमच्याकडे बिघडलेलेच चिमटे येतात. ज्याचं बेअरिंग घरी नीट निघालं तो तुमच्या दारात कशाला येईल? दवाखान्यात बसून राहिलेल्या माणसाला सगळा गाव आजारी वाटतो, तसं होतंय हे. माझी गाडी नऊ वर्षांची आहे. दर सर्व्हिसिंगला ऑईल बदललं, चेन ताणली, ब्रेकचे लायनर पाहिले. चिमट्याचा शाफ्ट मात्र नऊ वर्षांत एकदाही कोणी बाहेर काढला नाही. गॅरेजवाल्याला मी दोष देत नाही. चाक, चेन, ब्रेक, शॉकअप एवढं सगळं उतरवल्याशिवाय तो शाफ्ट हलत नाही. अर्धा दिवस जातो, आणि ग्रीस भरलं की नाही हे गाडी परत जोडल्यावर कोणालाच दिसत नाही. दिसतच नाही असलं काम गिऱ्हाईक मागत नाही आणि गॅरेजवाला करत नाही. त्यामुळे घरी करावं की दुकानात, हा वाद माझ्या गाडीपुरता नव्हताच. मी उघडलं नसतं तर ते कधीच उघडलं गेलं नसतं.

लेथवाला : ते कबूल. पण मला आधी हे सांग, बेअरिंगच गेलंय हे तुला कळलं कसं? चाकाचं बेअरिंग गेलं तरी मागून डगमगतं. स्पोक सैल असले, टायरमध्ये हवा कमी असली, शॉकअपचं रबर फाटलं, तरी तसंच वाटतं. अर्धे लोक न बिघडलेलं बेअरिंग उपटतात. आणि एकदा प्रेसफिट बसलेलं बेअरिंग बाहेर काढलं की ते चांगलं असलं तरी परत वापरायचं नसतं.

हौशी : आंबा घाटात कळलं. वळणावर गाडी कलवली की पुढचं चाक वळायचं आणि मागचं किंचित उशिरा त्याच्या मागे यायचं, जणू कोणी मागून हळूच ढकललंय. घरी आल्यावर गाडी डबल स्टँडवर घेतली. चाक धरून हलवलं तर हललं, पण त्यावरून काही ठरत नाही हे मला ठाऊक होतं. म्हणून चाक सोडलं आणि चिमट्याचं टोकच दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे रेटलं. टक् असा आवाज आला. धाकट्या भावाला म्हटलं, शाफ्टजवळ चिमटा आणि चासी यांच्या फटीवर बोट ठेव. मी रेटलं की त्याच्या बोटाला ती फट उघडमिट होताना लागायची. तो प्ले चाकाचा नव्हता. नंतर शॉकअपचा खालचा बोल्ट काढून चिमटा वर-खाली हलवून पाहिला. मध्येच अडकायचा, खरखरायचा. एवढं झाल्यावर मी पाना हातात घेतला.

लेथवाला : तपासलंस ते बरोबर. डबल स्टँड होता म्हणून जमलं. आता बऱ्याच गाड्यांना तो नसतो. मग लोक मागून चिमट्यालाच स्टँड लावतात. वजन चिमट्यावर असताना त्याचा प्ले कसा लागेल? गाडी चासीवरच टेकवली पाहिजे, नाहीतर वरून टांगली पाहिजे. आणि तो प्ले हाताला कमी लागतो, चाकापाशी जास्त होतो, हेही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. धर, दोन बेअरिंगमध्ये २०० मिलीमीटर अंतर आहे आणि चाकाचा एक्सल त्यांच्यापासून ५०० मिलीमीटर मागे आहे. दोन्हीकडे ०.२ मिलीमीटरचा प्ले असला आणि एक बाजू पुढे, एक मागे सरकली, तर एक्सलपाशी चाक १ मिलीमीटर बाजूला जातं. तेही दर वळणाला, दर खड्ड्याला.

हा चिमटा आला कशासाठी ते लक्षात घे. आधी मागचं चाक चासीत घट्ट बसवलेलं असायचं, नाहीतर दोन नळ्यांत वर-खाली सरकायचं. बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंनी नॉर्टन कंपनीच्या मोटारसायकलसाठी जी चासी केली, ती १९५० साली शर्यतीत उतरली. तिला मागे असा चिमटा होता. हॅरोल्ड डॅनियल या शर्यतपटूला ती पिसांच्या गादीसारखी वाटली, म्हणून तिचं नावच फेदरबेड पडलं. त्याच वर्षी जेफ ड्यूक त्या गाडीवर आईल ऑफ मॅनची सीनियर टीटी शर्यत जिंकला. ती गादी नुसती मऊ असती तर तो जिंकला नसता. चाक वर-खाली मोकळं जातं आणि बाजूला तसूभरही सरकत नाही, ही त्या रचनेची कमाई होती. आणि बाजूला न सरकणं हे सगळं त्या शाफ्टपाशी असलेल्या दोन बेअरिंगवर अवलंबून. तुझ्या घरच्या हातोडीखाली नेमकी तीच दोन भोकं येतात.

हौशी : म्हणून तर मी हातोडी शेवटी ठेवली. तुम्ही घरकामाबद्दल बोलताना घाईच्या माणसाचं चित्र डोळ्यांसमोर आणता. माझ्याकडे प्रेस नाही, पण वेळ आहे. तुमच्या दुकानात तो नसतो, कारण बाहेर चार गिऱ्हाइकं उभी असतात. शाफ्ट जॅम होता. नट काढून मारलं, ढिम्म हलला नाही. तुमच्याकडे असता तर तुम्ही मोठा घण घेतला असता. मी दोन्ही टोकांना गंज सोडवायचं तेल मारलं आणि झोपलो. सकाळी परत मारलं, संध्याकाळी परत. तिसऱ्या दिवशी नट आट्यांवर परत चढवला, टोकाशी सपाट येईल इतका, म्हणजे आटे बसणार नाहीत. त्यावर पितळेचा तुकडा धरून मारलं. आवाज बदलला. आधी ठोका घट्ट यायचा, आता पोकळ आला. शाफ्ट बोटभर सरकला होता.

मग शाफ्टवरची, बेअरिंगच्या आतली कॉलर बाहेर ओढली. काका, त्या कॉलरवर नखाने चाचपलं तेव्हा मला हे सगळं कळलं. नख कट्, कट्, कट् असं अडकत जात होतं. सुईच्या आकाराचे एकसारखे खोल चरे, तेही फक्त एका बाजूला. उरलेली कॉलर आरशासारखी. बेअरिंगमधलं ग्रीस विटकरी रंगाची कोरडी भुकटी होऊन बसलं होतं. ऑईल सील उचकटलं तसे बेअरिंगच्या सुयांचे तुकडे वर्तमानपत्रावर पडले. काही अख्ख्या होत्या, काही अर्ध्या, गंजाने तांबूस झालेल्या. दुकानात दिला असता तर मला नुसतं 'बेअरिंग बदललं' असं सांगितलं असतं. ते का गेलं हे दिसलं नसतं.

लेथवाला : का गेलं?

हौशी : दोन कारणं. एक पाणी. मी दर आठवड्याला गाडी वॉशिंग सेंटरला न्यायचो आणि ते जोराचा फवारा थेट तिथे मारायचे. सीलच्या ओठातून पाणी आत गेलं आणि ग्रीस धुऊन निघालं. दुसरं कारण त्या चऱ्यांनी सांगितलं. चाकाचं बेअरिंग पूर्ण फिरतं, त्यामुळे ग्रीस सगळीकडे पसरतं. चिमटा फिरत नाही, थोडासा वर-खाली डोलतो. प्रत्येक सुई वर्षानुवर्षं त्याच जागेवर पुढे-मागे घासते. तिच्याखालचं ग्रीस बाजूला सरतं आणि परत येत नाही. म्हणून ते मधूनमधून उघडून भरायला हवं, आणि कॉलरही बेअरिंगबरोबरच बदलायला हवी. चरे पडलेल्या कॉलरवर नवं बेअरिंग चढवलं तर नव्या सुया त्याच खाचांत नाचणार.

लेथवाला : हे तू नीट पाहिलंस. पुष्कळ मेकॅनिक जुनीच कॉलर पुसून परत घालतात, ते मलाही खटकतं. आता माझा आक्षेप ऐक. हे नीडल बेअरिंग म्हणजे पातळ पत्र्याचा कडक केलेला कप असतो. १९६५ साली नाडेला या फ्रेंच कंपनीच्या सहकार्याने ठाण्यात नीडल बेअरिंगचा कारखाना निघाला, तेव्हापासून ती आपल्याकडे बनतात. त्याचा मोठा गुण हा की कमी जागेत मावतं. चिमट्याचं घर मोठं करायला नको, वजन वाढत नाही. पण जितका पातळ तितका तो घराशी एकजीव होतो. मागून पंच टेकवायला कडा मिळत नाही. बहुतेक चिमट्यांत दोन बेअरिंगच्या मध्ये पायरी असते, नाहीतर नळी असते. पंच टेकतो कुठे? कपाच्या काठावर, पत्र्याच्या जाडीएवढ्या रेषेवर. तो घसरला की थेट घरात घुसतो. तू काय केलंस?

हौशी : एका बाजूला पायरी नव्हती, तिथे सळई वापरली. पूर्ण आट्यांची सळई, दोन नट, जाड वायसर. एका बाजूने कपाच्या बाहेरच्या व्यासापेक्षा जरा लहान गोटी लावली, ढकलायला. दुसऱ्या बाजूने कप आत मावेल असा पाइपचा तुकडा लावला, तो चिमट्याच्या तोंडावर टेकवला. मग नट पान्याने आवळत गेलो. हे तुमच्या प्रेसचंच काम, फक्त सावकाश. त्याआधी हीट गनने चिमटा तापवला. चिमटा ॲल्युमिनियमचा. तो कपापेक्षा जास्त फुगतो, जवळपास दुपटीने. २८ मिलीमीटरच्या भोकात ८० अंशांनी तापमान वाढलं तर दोघांच्या फुगण्यात मिलीमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढा फरक पडतो. ऐकायला काहीच नाही, पण प्रेसफिटची सगळी पकड जवळपास तेवढ्यातच असते. तिसऱ्या वळशाला 'टच्' आवाज झाला आणि नट हलका पडला. कप सरळ बाहेर आला. घरात एक ओरखडा नाही.

लेथवाला : आणि किती तापलं हे कशाने ठरवलंस? ॲल्युमिनियम लाल होत नाही. लोखंडासारखा तो सांगत नाही की आता बस कर. गॅसची ज्योत लावणारे लोक त्या मिश्रधातूचा कडकपणाच घालवून बसतात. दोनशे अंशांपुढे तो मऊ पडायला लागतो आणि बाहेरून काही दिसत नाही. रंगसुद्धा जळत नाही कधीकधी. तुझा चिमटा लोखंडी असता तर तुझं चाळिसाव्या भागाचं गणितही चाललं नसतं. कप पण लोखंड, घर पण लोखंड, दोघं सारखेच फुगतात. घर तापवलं आणि कप गार असतानाच झपकन काढलं तरच उपयोग.

हौशी : पाण्याचा थेंब टाकला. चर्र करून उडाला की हीट गन बाजूला. शंभराच्या आसपास, त्यापुढे जायचंच नाही. लोखंडी चिमट्याला मी वेगळं काही केलं असतं. आणि जुन्या गाड्यांत नीडल नसतंच, रबरी बुश असतं. त्याचं दुखणं निराळं.

लेथवाला : निराळं आणि फसवं. त्या बुशमध्ये घासणारं काही नाही. आतली नळी चासीत आवळलेली, बाहेरची नळी चिमट्यात दाबलेली, मधलं रबर पीळ खातं आणि सोडतं. चिमटा डोलतो तो रबराच्या पिळावर. लोक त्याला ग्रीस लावतात, त्याने रबर उलट फुगून सुटतं. काढताना रबर जाळतात आणि तो काळा धूर नाकात घेतात. खरं म्हणजे ड्रिलने रबर पोखरावं, आतली नळी काढावी, मग बाहेरच्या नळीत हॅक्सॉ ब्लेडने एक काप द्यावा, नळीची जाडी संपेपर्यंत, एक घासही पुढे नाही. नळी आतल्या आत मिटते आणि हाताने निघते. पण 'एक घासही पुढे नाही' हे कळतं कशाने? ब्लेडच्या आवाजाने. नळी कापताना एक आवाज येतो, घराला लागलं की दुसरा. मला तो ओळखता येतो कारण मी शेकडो कापलेत. तू पहिलंच बुश कापणार.

आणि बसवताना आणखी चुकतात. गाडी उचलून ठेवलेली असताना, चिमटा खाली लोंबत असताना नट आवळतात. मग गाडी जमिनीवर आली की रबर कायम पिळलेल्या स्थितीत राहतं आणि लवकर फाटतं. आपण गाडीवर बसल्यावर चिमटा ज्या उंचीवर येतो, तिथे आणूनच नट आवळायचा. हे तुला कोणी सांगितलं असतं?

हौशी : तुम्ही आत्ता सांगितलंत. दुकानात चिमटा ठेवून गेलो असतो तर सांगितलं नसतंत, कारण मी विचारलं नसतं. काम स्वतः केलं म्हणून प्रश्न सुचले. तुमच्या हातातलं ज्ञान माझ्यापर्यंत पोचायला मला आधी हात काळे करावेच लागतात. बसवण्याचंही तसंच शिकलो. जुना कप काढायच्या आधी तो तोंडापासून किती आत आहे ते मोजून वहीत लिहिलं, कारण पुढे सीलला जागा लागते. नवं बेअरिंग पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलं, म्हणजे ते जरा आकसतं. ज्या बाजूला नंबर छापलाय तीच बाजू बाहेर ठेवून त्याच बाजूने दाबायचं, कारण कपाची ती कड मजबूत असते. सुया ग्रीसने भरून घ्यायच्या. हे सगळं मी सावकाश केलं. उजवीकडचं बेअरिंग बसलं.

लेथवाला : डावीकडचं?

हौशी : ते अजून आत आहे. तिथे पायरी आहे. सळई लागत नाही. आतून पकडणारा पुलर उसना आणला, सुया आणि पिंजरा त्यानेच उपटला, पण कपाला त्याच्या नख्या धरत नाहीत, निसटतात. रोज तेल घालतोय. आता दोन वाटा आहेत. एक, हातातल्या छोट्या ग्राइंडरने कपाला आतून चीर द्यायची. दोन, कपाच्या आतल्या अंगाला गोल वेल्डिंगची रेघ मारून घ्यायची, गार होताना ती आकसते आणि कप सैल होतो.

लेथवाला : ऐक. दुसरी वाट लोखंडी चिमट्याला चांगली, आणि ती वेल्डिंगवाल्याच्याच हाताची. तुझ्या ॲल्युमिनियमच्या चिमट्यात कपापलीकडे ठिणगी गेली तर घराला भोक पडेल. पहिली वाट तू करशील आणि मला तिचीच भीती आहे. तीन दिवस तेल घालणारा तू आणि ग्राइंडर हातात घेतलेला तू, ही दोन वेगवेगळी माणसं असतात. शाफ्ट निघाला, एक बेअरिंग निघालं, आता एवढ्यासाठी अडलंय, असं मनात आलं की हात आधी पुढे जातो. माझं म्हणणं घरी काम करण्याविरुद्ध नाही. काम सुरू करतानाच वहीत लिहायचं होतंस, की सळईने आणि पुलरने निघालं नाही तर तिथे थांबायचं, ग्राइंडर नाही. तू खोली लिहिलीस, ही रेघ लिहिली नाहीस.

हौशी : लिहिली असती तर ती अंदाजाने लिहिली असती. आत काय आहे ते उघडल्याशिवाय कुठे थांबायचं ते कळणार कसं? शाफ्टचा आवाज पोकळ झाला तेव्हा मी जोर वाढवला आणि ते बरोबर ठरलं. आधीच रेघ मारून ठेवली असती तर शाफ्टवरच थांबलो असतो. तुम्हाला ब्लेडचा आवाज ओळखू येतो. तो तुम्हाला रेघेच्या अलीकडे राहून नाही कळला. कधीतरी तुम्ही रेघेपलीकडे गेलात, एखादं घर खरवडलंत, म्हणून तो कानात बसला.

लेथवाला : बसला. पण मी शिकलो ते उस्तादाच्या नजरेसमोर, भंगारातल्या चिमट्यांवर. माझ्या चुकीवर कोणी बसून घाटात गेलं नाही. तुझ्या गाडीवर मागे तुझी बायको बसते, शाळेत सोडायला मुलगी बसते. घरात चीर गेली तर ती आज काही करणार नाही. नवं बेअरिंग बसेल, प्ले नसेल, तू खूश होशील. ती चीर हळूहळू वाढेल आणि कधी फुटेल ते तुला सांगून फुटणार नाही. तुझ्या शिकण्याची किंमत मागे बसणाऱ्यांनी का द्यावी?

हौशी : याला माझ्याकडे उत्तर नाही. पण तुमच्या बाजूनेही एक गोष्ट राहते. प्रेसवर तुम्ही दाबता तेव्हा चिमटा प्लेटवर सरळ टेकलाय की नाही, हे तुम्ही दर वेळी पाहता? गर्दीच्या दिवशीही? गिऱ्हाईक समोर नसतं, चिमटा कोणाचा ते तुम्हाला ठाऊक नसतं. मी हात लावतो तेव्हा मागे कोण बसणार आहे हे मला क्षणभरही विसरता येत नाही.

लेथवाला : गर्दीच्या दिवशी… दर वेळी नाही पाहत. खरं सांगतो.

हौशी : मग असं करा. भंगारातले दोन जुने ॲल्युमिनियमचे चिमटे मला द्या, कप अडकलेले. मी ग्राइंडरने त्यांना चीर देतो आणि तुमच्याकडे आणतो. तुम्ही घर तपासा, नखाने, भिंगाने, कसंही. दोन्ही स्वच्छ निघाले तर मी माझ्या चिमट्याला हात लावेन.

लेथवाला : देतो की. मागे पडलेत, घेऊन जा. पण त्या चिमट्यांवर तुझा हात सैल असेल, कारण ते बिघडले तरी चालणार आहेत. स्वतःच्या चिमट्यावर तोच हात घट्ट होईल. दोन स्वच्छ निघाले म्हणजे तिसरा स्वच्छ निघेल, हे मी तुला कशावरून सांगू?

हौशी : आणि तिसरा तुमच्या प्रेसवर दिला तर?

लेथवाला : तर त्या दिवशी तू इथे उभा राहा. मी दाबायच्या आधी चिमटा सरळ टेकलाय का ते तू पाहा. गॉगल घालून ये, कडक कप कधीकधी फुटून उडतो.